वाटेची लांबी

वन खात्याने दिला पिवळ्या रंगाचा डबा,
दोन इंची ब्रश, आणि भरायला तक्ता:
वाटेचं नाव. कुठून. कुठे. लांबी. चढ.
पर्यटकांसाठी सूचना.
सहा वाटा, सहा दिवस, केरी-सत्तरी.
रोजंदारीवर मी.

सोबतीला भागी झोरे, धनगरवाड्यावरची,
म्हशी जावेच्या हवाली करून आलेली.
तिच्या हातात कोयती.
माझ्या हातात यंत्र,
ज्याला झाडाखाली गेलं की आभाळ सापडत नाही.

पहिल्या दिवशी वाघेरीचा चढ.
किंदळाच्या बुंध्यावर ब्रश टेकवला तेवढ्यात म्हणाली,
झाडावर नको. झाड वाढतं,
तुझा बाण उद्या भलतीकडे दाखवेल.
मग दगडांवर.
जांभा रंग पितो,
एका बाणाला तीन हात लागतात.

नाव काय या वाटेचं?
नाव कसलं? सासू लोणी घेऊन जायची मोर्ल्याला,
येताना मीठ आणायची. तिची वाट.
मी लिहिलं: मोर्ले मार्ग.
तिला वाचता येत नाही,
पण अक्षरांच्या लांबीकडे बघून म्हणाली,
एवढंच?

तिसऱ्या दिवशी
गव्याच्या खुरात साचलेल्या पाण्यावर
निळी फुलपाखरं दाटीवाटीने,
आठवड्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर बसावीत तशी.
आम्ही वळसा घातला.
बाणही वळसा घालूनच काढला.
पुढे कोणी येईल, त्याला कळणार नाही
वाट इथे उगाच का वाकडी झाली.

चौथी वाट तिने दाखवली, आणि मिटवली.
आत उंच कुंभे, अंधार, एक मातीचा घोडा,
पाय मोडलेला.
इथे रंग नको, एवढंच बोलली
आणि चपला हातात घेऊन माझ्यापुढून निघाली.
तक्त्यात मी लिहिलं: रद्द. चढ अवघड.
खरं तर वाट सपाट होती,
पाण्याच्या पाटीवरून चालावं इतकी.

पाचव्या दिवशी जळवा. त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.
पोळीत गुंडाळलेलं मीठ दोघांनी पायांना चोळलं
आणि जेवण अळणी झालं.

सहावी वाट धरणाकडे उतरते.
कार्तिक संपत आलेला, जलाशय काठोकाठ,
समोरचा डोंगर पाण्यात डोकं खाली करून उभा.
वाट चिऱ्याच्या पायऱ्यांनी खाली आली,
आणि थांबली नाही.
पाचवी पायरी ओली, सहावी हिरवी,
सातवीवर मासे.

लांबी? मी विचारलं, पेन उघडून.
ती उकिडवी बसली.
आज, एवढी.
पौषात आणखी चार पायऱ्या.
शिमग्याला मामाचं खळं लागतं.
चैत्र सरता सरता तुळशीपर्यंत जाता येतं,
वृंदावन शाबूत आहे, वर माती तेवढी नाही.
त्याच्याही पुढे विहीर,
पण ती मी दोनदाच पाहिली,
एकदा लहानपणी भरलेली, एकदा गाळाने.

पाचव्या पायरीवर बाण काढायला गेलो.
ओल्या दगडाने रंग धरला नाही,
पिवळी रेघ पाण्यात सुटली,
थोडी लांब गेली, विरली.
भागी हसली.
बघ, तो निघालासुद्धा.

तक्ता परत आला: लांबीचा रकाना नीट भरावा.
मी भरला. दोन पूर्णांक चार.
साहेबांची सही झाली, फलक लागला,
फलकाखाली लोक फोटो काढतात.

डब्यात बोटभर रंग उरला होता,
तो मी जमा केला नाही.

चैत्राच्या शेवटी झाकण उघडलं
तर वर जाड साय धरलेली.
भागीने काडीने ती एका बाजूला ओढली,
दुधावरची ओढतात तशीच, न फाटता,
आणि पदर खोचत म्हणाली,
चल, तुळस वर आली असेल.